मोकाशांचं पाचक पाणी

ठाणे, ता. १० मार्च १८८८

चि. विठ्ठलास गोपीनाथाचे आशीर्वाद.

उद्याच्या मालगाडीने तुझ्या पेट्या निघतील. स्टेशनावर उन्हात पडू देऊ नकोस. मागच्या खेपेला फलाटावर बाटली फुटली आणि मालबाबू बंदूक सुटली म्हणून टेबलाखाली शिरले, हे तूच लिहिलं होतंस. वाचून मला हसू आलं, पण बाटली आपलीच गेली.

परवा आबांचं श्राद्ध झालं. पान ठेवून कावळ्याची वाट बघत बसलो होतो, तेव्हा सगळं आठवत गेलं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईच्या लिलावात हे सोड्याचं यंत्र घेतलं, इथे तलावाजवळ शेड बांधली आणि कल्याणला दुकान काढून बाटल्या मांडल्या, तर एक माणूस शिवेना. विलायती पाणी! कोणी भरलं, कोणी धुतलं, आधी कोणाच्या तोंडाला लागली होती बाटली, देव जाणे. मग आबांनी त्याचं नाव मोकाशांचं पाचक पाणी ठेवलं. औषधाला विटाळ नाही, असं शास्त्रीबोवांकडून चारचौघांत वदवून घेतलं आणि दुकानात दंडक घातला, की दुखणं सांगितल्याशिवाय कोणाला बाटली द्यायची नाही. त्या दिवसापासून अख्खं कल्याण आजारी आहे. तू "काय होतंय?" म्हणून विचारायचं, त्यांनी "पोट जड आहे" म्हणायचं, बाटली रिकामी करायची, ढेकर द्यायचा आणि बरं होऊन घरी जायचं. ठाण्याला कचेरीतले साहेब पितात आणि त्यांच्याकडे बघून कारकून पितात, पण त्यावर काय होणार? कारखाना चालतो तो तुझ्या त्या आजाऱ्यांवर.

मी मात्र दमलो आहे रे. यंत्र म्हातारं झालं, मीही झालो. पाण्यात भरायला खडूवर तेजाब ओतून जी वाफ काढतो तिने घसा सोलून निघतो. यंत्राचं चाक फिरवता फिरवता आपला गडी पंढरी माझ्यावर ओरडतो, "दादा, तुमी त्या तेजाबाजवल नका बसू." मी नाही बसायचं तर कोणी बसायचं? खोकला आहे तो त्या वाफेचाच. काळजीचं कारण नाही.

भिवंडीच्या चौबळांकडून सोयरिकीचा काय निरोप? त्यांचा प्रभाकर इथल्याच शाळेत आहे. मी त्याला लांबून पाहिला. चालताना पुस्तक वाचतो आणि गटारात पाय घालतो. मुलगा चांगला आहे. आम्हा दोघांना मूल नाही, तुझी सगुणा तीच आमची. तिचं एकदा ठरलं की मी सुटलो.

गोपीनाथ

---

कल्याण, ता. १६ मार्च १८८८

तीर्थस्वरूप दादांच्या पायी विठ्ठलाचा नमस्कार.

दादा, घात झाला. चौबळांनी सगुणेची पत्रिका परत पाठवली. पत्रिका जमते आहे, मुलगी पसंत आहे, पण "मुलीला पोटाचा जुना विकार असल्याचे समजते, तरी क्षमा असावी." जेमतेम एवढ्याच ओळी.

विकार कसला आला आहे! चिंचेच्या झाडावर चढते, कैऱ्या खाते, आणि रात्री ताटात काही उरू देत नाही. मग ही बातमी भिवंडीला गेली कुठून? आमच्या दुकानासमोर जयाआत्या राहते, ती चौबळांची चुलत आत्या. दिवसभर खिडकीत. तुम्हाला ठाऊकच आहे, पेटी आली की पाण्यात जोर राहिला आहे का ते बघायला गोटी दाबून एक बाटली फोडावी लागते, आणि लहानपणापासून ते काम सगुणेचं. घोट घेते, डोळे मिटते, नाकात झिणझिण्या आल्या की "आहे" म्हणते. नाही आल्या तर तोंड वाकडं करते आणि मी ती पेटी बाजूला काढतो. जयाआत्याने हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि तिचं ठाम मत झालं, की ज्या मुलीला इतक्या लहानपणापासून सारखं औषध लागतं ती रोगी.

ती स्वतः दर एकादशीला छातीत जळजळतं म्हणून बाटली नेते, ते सोडा.

तिला तरी काय बोलू? दुखणं असल्याशिवाय हे पाणी कोणी पीत नाही, हे आपणच गावाला शिकवलं. आता गाव तेच आपल्याला सांगतं आहे. आईच ती, कलावतीने सकाळपासून तोंडात पाणी घेतलेलं नाही. आणि सगुणा मघाशी माझ्याजवळ येऊन हळूच विचारते, "बाबा, मला काय झालंय?"

तुम्ही मोठे आहात. मार्ग सांगा.

विठ्ठल

---

ठाणे, ता. २० मार्च १८८८

चि. विठ्ठल,

पत्र पोचलं. घाबरू नकोस. नावाजलेल्या वैद्याकडून सगुणेची नाडी बघवून घे, मुलगी निरोगी आहे असा दाखला लिहून घे आणि भिवंडीला पाठव. जयाआत्याशी भांडू नकोस. जास्त लिहवत नाही.

गोपीनाथ

---

कल्याण, ता. ३० मार्च १८८८

ती. दादांस नमस्कार.

तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं आणि होतं तेही गेलं. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, दाखला लिहून दिला. चौबळांचं उत्तर आलं, "निरोगी मुलीस दाखला कशास लागतो?" गावात तर आता असं झालं आहे की सगुणेला वैद्य लागला. शेजारच्या बायका तिच्यासाठी लिंबाचं लोणचं आणून देतात आणि दारातूनच परत फिरतात.

कलावतीला राहवलं नाही. ती तडक समोर गेली आणि जयाआत्याला म्हणाली, "अहो आत्याबाई, पोरीला काही नाही झालेलं. ती आपली चव बघायला पिते." झालं! जयाआत्या म्हणे दोन पावलं मागे सरकली. "म्हणजे दुखणं नसताना विलायती पाणी पिते? मग बाटलीच की गं ती." आता सांगा. दुखणं आहे म्हणावं तर रोगी, नाही म्हणावं तर भ्रष्ट. मधली वाटच नाही. आबांनी असं काही बांधकाम करून ठेवलं आहे की आत शिरायला दार आहे आणि बाहेर पडायला नाही.

राग येईल, पण लिहितो. मी दोन पानं भरून लिहितो आणि तुम्ही चार ओळी खरडता. अक्षरही धड नाही, घाईघाईत उरकलेलं. मुलगी माझी, म्हणून असेल. वहिनींनी तरी एखादी ओळ घालावी.

सगुणेने आता बाटली फोडायचं बंद केलं. मीच चव घेतो. मला काही कळत नाही, सगळ्याच सारख्या लागतात.

विठ्ठल

---

ठाणे, ता. ५ एप्रिल १८८८

चि. विठ्ठल,

तुझा राग वाचला. रागव बाबा, तुझा हक्क आहे. अक्षराचं म्हणशील तर हात थरथरतो, दिवसभर चाकाजवळ उभं राहिल्यावर आणखी काय होणार? तुझी वहिनी देवळात गेली आहे. हल्ली फार जाते.

मी इतके दिवस विचार करत होतो. चौबळांचं तुला सांगतो. कोर्टाच्या कामाला ठाण्याला आले की ते आपल्या शेडमध्ये येतात, डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवतात आणि लिंबाच्या दोन बाटल्या एकामागून एक घशाखाली घालतात. दुखणं कसलं, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. तुमचे शास्त्रीबोवाही गेल्या उन्हाळ्यात इथे येऊन पिऊन गेले. सगळ्यांना माहीत आहे रे. पाण्यात सोडा, लिंबू आणि वाफ, यापलीकडे काही नाही, हे त्यांना माहीत आहे. फक्त कोणी बोलायचं नाही, एवढंच ठरलेलं आहे.

बोललं की काय होईल तेही मला माहीत आहे. सगुणेला कोणी बाटलेली म्हणू शकणार नाही, कारण मग म्हणणाऱ्यालाच आधी प्रायश्चित्त घ्यावं लागेल. पण नंतर तुझ्या दुकानाची पायरीही कोणी चढणार नाही. आजाराचं नाव घेऊन पिता येत होतं, नुसतं पिता यायचं नाही. कल्याण गेलं की कारखाना गेला. आबांनी हयात घातली त्यात, आणि त्यांच्यामागून मी.

दोन्ही पारड्यांकडे बघून बघून कंटाळलो. एकात लोखंडाचं यंत्र आहे आणि दुसऱ्यात आपली पोर. यात विचार करण्यासारखं काय आहे, हे मला आज सकाळी कळलं. मी येतो. कधी ते विचारू नकोस, आणि आलो तर दुकानात मला गिऱ्हाईक समज.

गोपीनाथ

---

कल्याण, ता. १६ एप्रिल १८८८

ती. दादांस नमस्कार.

काल तुम्ही दुकानातून उतरलात ते सरळ स्टेशनावर गेलात. घरी पाय लावला नाहीत. कलावतीने तुमच्यासाठी वालाचं बिरडं केलं होतं, ते तसंच राहिलं. म्हणून बोलायचं ते लिहितो.

तुम्ही नेमका बाजाराचा दिवस साधलात. शास्त्रीबोवा बाकावर, दोन सावकार, तो तांदळाचा दलाल, आणि समोर खिडकीत जयाआत्या. तुम्ही पायरी चढून म्हणालात, "विठ्ठल, एक बाटली दे." आणि मी मूर्ख! तुमचं पत्र वाचलेलं, तरी इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलंच, "काय होतंय?"

तुम्ही म्हणालात, "काही नाही होत. तहान लागली."

मी गोटी दाबली, ती बाटलीत पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तुम्ही वरून धार धरून अख्खी बाटली प्यालात, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलंत. "मी बनवतो हे," म्हणालात, "यात औषध नाही. कधीच नव्हतं. लिंबू आहे, साखर आहे. निरोगी माणसाने उन्हात प्यावं असं गोड पाणी आहे, आणि तुम्ही सगळे वीस वर्षं ते निरोगी पोटानेच पीत आला आहात. माझी पुतणी पिते तशीच. तिला काही झालेलं नाही, तसं तुम्हालाही काही झालेलं नाही. काय शास्त्रीबोवा?"

शास्त्रीबोवांनी हातातली बाटली हळूच बाकाखाली ठेवली. म्हणाले, "आता एवढ्या मोठ्याने बोलायची काय गरज होती, गोपीनाथपंत?" त्यात रागापेक्षा वाईट वाटणंच जास्त होतं, असं मला वाटलं.

तुम्ही गेल्यावर एकेक जण उठला. कोणी भांडलं नाही. खिडकी मात्र लागली, आणि ती मी आयुष्यात पहिल्यांदा लागलेली पाहिली.

आज दुपारी भिवंडीहून माणूस आला. चौबळांचा निरोप, झालं गेलं विसरावं, मुहूर्त बघावा. सगुणा मागीलदारी होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मला काही झालं नव्हतं ना?" आणि रडायला लागली. मग मीही रडलो. दादा, तुम्ही माझ्या पोरीला उभं केलंत, हे मी विसरणार नाही.

दुकानात आज एकही गिऱ्हाईक आलं नाही.

विठ्ठल

---

ठाणे, ता. ८ मे १८८८

चि. विठ्ठल,

लग्नपत्रिका पोचली. सगुणेला आमचे दोघांचे खूप आशीर्वाद. तुझी वहिनी पाटल्या घेऊन येईल, त्या तिच्या स्वतःच्या आहेत, नाही म्हणू नकोस.

मला येणं जमणार नाही. यंत्र सगळं उघडून ठेवलं आहे, सोडून निघता येत नाही. चौबळ विचारतील, त्यांना हेच सांग. अक्षता पडतील त्या वेळी मी इथे हात जोडीन.

गोपीनाथ

---

कल्याण, ता. ४ जून १८८८

ती. दादांस नमस्कार.

लग्न पार पडलं. प्रभाकर बोहल्यावर चढताना पाटाला अडखळला, सगळे हसले, सगुणाही अंतरपाटाआडून हसली. विहीणबाई रागावल्या नाहीत. बरी माणसं आहेत.

पण दादा, मुलगी सारखी दाराकडे बघत होती. "काका आले का?" करून तिने वहिनींना भंडावलं. वहिनी नुसतं "येतील हं" म्हणत राहिल्या आणि पदराने डोळे टिपत राहिल्या. लोकांना वाटलं आनंदाने. मला खरं काय ते समजलं. कारखान्याचं नुकसान झालं, त्याचं दुःख तुमच्या मनातून जात नाही, आणि ते आमच्या तोंडाकडे बघून वाढेल, म्हणून तुम्ही आला नाहीत. कबूल, नुकसान आमच्यामुळे झालं. पण ज्याने ते इतक्या मोकळ्या मनाने केलं, त्याने मागून असा रुसवा धरावा? तुम्ही यंत्राजवळ बसून राहिलात, आणि माझी पोर काकाच्या आशीर्वादावाचून पंगतीत बसली. हे मला लागलं आहे आणि ते मी लपवत नाही.

दुकानाचं काही उरलेलं नाही. लोक ओळख देतात, हसतात, पुढे जातात. परवा तांदळाचा दलाल पायरीपाशी घुटमळला. उन्हाने जीव जात होता त्याचा. म्हणाला, "विठ्ठलराव, आता पोट दुखतं म्हणून तरी कसं मागू हो?" आणि गेला बिचारा. रिकाम्या पेट्या परत पाठवल्या आहेत. मला रेल्वेच्या मालकचेरीत जागा मिळते आहे, ती घेतो.

विठ्ठल

---

ठाणे, ता. १८ नोव्हेंबर १८८८

चि. विठ्ठल,

तुझ्या जूनच्या पत्राला उत्तर दिलं नाही. रुसवा नव्हता रे. आज हे तुझी वहिनी लिहिते आहे, मी पडल्या पडल्या सांगतो आहे. हे पत्र वाचून चुलीत घाल आणि कलावतीलाही बोलू नकोस.

मला क्षय आहे. सिव्हिल सर्जनने फेब्रुवारीतच सांगितलं होतं. म्हणजे चौबळांनी पत्रिका परत पाठवली तेव्हा आपल्या घरात खरोखरचा एक रोगी होता, फक्त तो सगुणा नव्हता. एका पोटदुखीच्या संशयावर ज्यांनी सोयरीक मोडली, त्यांना घराण्यात क्षय आहे म्हणून कळलं असतं तर? मुलीला जन्मभर कोणी विचारलं नसतं. म्हणून मी तुलाही लिहिलं नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही, आणि कलावतीच्या तर मुळीच नाही.

दुकानात त्या दिवशी ती बाटली मी प्यालो, तेव्हा देवाला एवढंच मागत होतो की गाडीत बसेपर्यंत खोकला येऊ देऊ नकोस. धारेचा थंड घोट घशाखाली गेला आणि तेवढा वेळ खरंच थांबला. स्टेशनापर्यंत कसाबसा चालत गेलो. तुमच्या घराच्या वळणावर बिरड्याचा वास आला होता. आत आलो असतो तर कलावतीने एका नजरेत ओळखलं असतं. लग्नालाही त्यामुळेच आलो नाही. मंगलाष्टकांत खोकत उभा राहिलो असतो तर पहिल्या ओळीपुढे कोणी ऐकलं नसतं.

यंत्र मागच्या महिन्यात गेलं. मुंबईहून एक पारशी गृहस्थ आले, चाक फिरवून पाहिलं, म्हणाले, जुनं आहे पण मजबूत आहे. बैलगाडीवर चढवलं तेव्हा पंढरी बाजूला जाऊन उभा राहिला. मला वाटलं होतं आबांसाठी रडू येईल. नाही आलं. बरं वाटलं. शेडमध्ये आता ऊन येतं, मी तिथे खाट टाकून पडतो.

एक काम आहे. पोटात अन्न ठरत नाही, सगळं परत येतं. काल डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, दुसरं काही देऊ नका, थोडं थोडं सोडावॉटर द्या, तेवढं पोटात राहील. तुझी वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. मला इतकं हसू आलं की त्यात खोकला उसळला. आबा असते तर शास्त्रीबोवांना बोलावून ऐकवलं असतं, बघा, औषधच निघालं.

पण इथे सगळ्या बाटल्या यंत्राबरोबर गेल्या. भरलेली एकही उरली नाही. तुझ्या माळ्यावर शेवटच्या खेपेतलं काही असेल तर घेऊन ये. एकटा ये. सगुणेला आणू नकोस. तिची सासरची माणसं इथे येऊन जाऊन असतात, आणि ती अजून नांदायला जायची आहे. तिला बघावंसं फार वाटतं, पण आणू नकोस.

इतके महिने पडून असलेल्या बाटल्या, जोर गेलेलाही असेल. तुला काही कळायचं नाही. सगुणेकडून एखादी फोडून चव घ्यायला लाव, आणि ती "आहे" म्हणाली तरच त्याच पेटीतली दुसरी आण. कोणासाठी हवी, ते सांगू नकोस. ती विचारेलच, तुझीच मुलगी आहे, काय होतंय म्हणेल. काकाला तहान लागली आहे म्हणून सांग.

गोपीनाथ